दिसलं तेवढ्याचे चार भाग

संत्र्याला नस नसते, हाड नसतं, आणि संत्रा लुगडंही नेसत नाही. या तीन गोष्टी आम्हाला ट्रेनिंगमध्ये कोणी सांगितल्या नाहीत. आम्ही सगळ्या पोट्ट्या सकाळपासून संत्र्यांना सुया टोचत बसायचो आणि वाटायचं, आलं आपल्याला.

ते संत्रेही माझ्याच घरून यायचे. बाबा पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत पेट्या ठोकायचे. तोंडात खिळे, हातात हातोडी, दिवसभर ठकठक. दबलेले, डागी संत्रे व्यापारी बाजूला टाकत, ते बाबा थैलीत भरून माझ्यासोबत द्यायचे. "मास्तरनीले सांग, माह्या पोरीले शिकाले माल कमी नाही पडत," म्हणायचे. मी ती थैली मांडीवर घेऊन सौसरपर्यंत बसमध्ये यायची. शेजारची बाई हमखास विचारायची, "कितीले देल्ले वं?" आता यांना काय सांगावं की हे खायचे नाहीत, टोचायचे आहेत!

गावच्या नर्सबाईचं ट्रेनिंग होतं ते. आमच्या घराण्यात मॅट्रिक झालेली मीच पहिली. विहारातल्या बायांनी निघताना पेन दिला होता, आणि प्रत्येकीने डोक्यावरून हात फिरवला होता. त्या हातांचं ओझं किती होतं ते नंतर समजलं. वसतिगृहातून कोणी पोट्टी परत गेली की बाया म्हणत, "वापस आली." बस, दोनच शब्द. मला ते दोन शब्द ऐकायचे नव्हते.

दुसऱ्या वर्षी खेड्यावरच्या दवाखान्यात पाठवलं. गावाचं नाव सांगत नाही. सौसर तहसिलीतलं आहे, एवढं पुरे. दोन खोल्या, एक टेबल, आणि मधोमध अर्धा पडदा. अर्धा म्हणजे खरोखरच अर्धा. कापड तेवढंच आलं होतं म्हणे. पडद्याच्या अल्याड कंपाउंडर गोळ्यांच्या पुड्या बांधायचा, पल्याड आम्ही सुया द्यायचो. डॉक्टर हप्त्यातून दोनदा यायचे. बाकी सगळा कारभार मोठ्या सिस्टरचा. त्या छिंदवाड्याकडच्या, अर्धा जन्म आमच्या भागात गेलेला. मराठी सगळी समजायची, पण बोलायच्या हिंदीतच.

सकाळी सहापासून माझं काम स्टोव्हवर. तेव्हा सिरिंज काचेच्या आणि सुया पुन्हापुन्हा वापरायच्या. उकळायच्या, मग दगडावर घासून धार करायची, मग टोक कापसाच्या पेळूवरून फिरवून पाहायचं. धागा अडकला की समजायचं, टोक वाकलं, घास पुन्हा. रॉकेलचा धूर, वाफ, आणि बोटांच्या टोकांना भाजल्याचे डाग. दहा वाजेपर्यंत मी इतकी थकायची की पहिला पेशंट येईपर्यंत हात जड व्हायचे. अठरा-एकोणीस वर्षांच्या पोरीला थकवा कसला, असं लोक म्हणत. येऊन पाहावं त्यांनी!

लोक म्हणायचे, "कमरेत सुई घेतली." कमरेत कोणी सुई देत नाही. देतात ती कुल्ल्यावर. पुस्तकात चित्र होतं: कुल्ल्याचे मनातल्या मनात चार भाग करायचे, एक उभी रेघ, एक आडवी, आणि वरच्या, बाहेरच्या भागात सुई मारायची. कारण खाली, मध्यातून पायाची मोठी नस जाते. तिला धक्का लागला तर पाय गेला. हे मी परीक्षेत घडाघडा लिहिलं होतं. पैकीच्या पैकी मार्क. चित्रातल्या बाईच्या अंगावर कपडाच नव्हता, याकडे माझं लक्षच गेलं नाही.

पोळा झाल्यावर एक मावशी दवाखान्यात आली. दीड कोसावरच्या गावची, कापूस वेचणारी. चाळिशी ओलांडलेली, नुसती हाडं, आणि खोकला असा की पाहणाऱ्याच्या छातीत दुखावं. टीबी निघाला. त्या काळी टीबीला रोज एक सुई, दोन महिने, आणि सोबत गोळ्या. रोज सकाळी ती पायी यायची, पायीच जायची. वेचणीत त्या गावात तिच्यासारखा हात कोणाचा नाही, असं बाकीच्या बायाच सांगत. दोन्ही हातांनी वेचायची म्हणे, बोंडं नुसती रिकामी होत जायची. मी स्पिरिटचा बोळा घेतला की म्हणायची, "एवढासा कापूस? आमच्या वावरात यापेक्षा जास्त बकऱ्या खातेत!" रांगेतल्या बाया हसायच्या. मीही हसायची. मला ती आवडायची, हे सांगून टाकलेलं बरं.

पहिले दहा-अकरा दिवस सिस्टरनेच तिला सुई दिली. मी बाजूला उभी राहून औषध तयार करायची. पावडरच्या शिशीत पाणी सोडायचं, हलवायचं, सिरिंजमध्ये ओढायचं. सिस्टरचा हात मावशीच्या लुगड्यात शिरायचा, काहीतरी चाचपायचा, आणि सुई होऊन जायची. काय चाचपतात ते मी विचारलं नाही. मला वाटलं, जागा करून राहिल्या.

मग एका सकाळी सिस्टरला बाळंतपणाला बोलावणं आलं. पिशवी उचलता उचलता त्या म्हणाल्या, "मौसी को आज तू लगा दे." बस. मी आनंदली म्हणा की घाबरली म्हणा, दोन्ही एकदमच.

आता लुगड्याचं सांगावं लागते. आमच्याकडच्या कामकरी बाया नऊवारी लुगडं काष्टा घालून नेसतात. कमरेची गाठ एकदा पहाटे मारली की रात्रीपर्यंत सुटत नाही, आणि परक्या माणसासमोर तर मुळीच नाही. अर्ध्या पडद्यापलीकडे कंपाउंडर बसलेला. मग बाई काय करते? काष्टा वावरात वर खोचलेलाच असते, मांड्या उघड्या पडल्याची तिला लाज नाही. ती गाठीला हात लावत नाही, खालून काष्टा सरकवते आणि म्हणते, "दे आता." मावशीनेही तेच केलं. खालून सरकवलं, भिंतीला हात टेकून उभी राहिली. जेवढं दिसलं तेवढं माझ्यासमोर होतं. मी त्याचे मनात चार भाग केले. उभी रेघ, आडवी रेघ. वरचा, बाहेरचा भाग. आणि मारली सुई.

गाठीखाली, लुगड्यात झाकलेला वरचा सगळा भाग मी मोजलाच नव्हता. आईच्या वयाच्या बाईच्या कमरेत हात घालून हाड शोधायचं, याची मलाच लाज वाटली. मी ज्याला वरचा म्हटलं तो खरं तर खालचा होता, आणि नसेच्या वरच होता.

"अय माय वो!" मावशी ओरडली. पाय असा झटकला की चप्पल भिंतीला लागली. "पायात करंट गेला वं! काढ, काढ!"

पुस्तकात लिहिलं होतं, पायात अशी कळ गेली तर तिथेच थांबायचं, सुई काढायची. हेही मी परीक्षेत लिहिलं होतं. पण रांगेतल्या बाया पाहून राहिल्या होत्या. कंपाउंडर पडद्यावरून मान काढून पाहून राहिला होता. आता सुई काढली तर सगळे म्हणतील, या पोरीला येत नाही. मी म्हटलं, "झालं झालं मावशी, झालंच," आणि दट्ट्या शेवटपर्यंत दाबला.

तिनं काष्टा सारखा केला, घाम पुसला आणि लंगडत गेली. जाताना म्हणाली, "मुंग्या आल्या वं पायाले." मी म्हटलं, "चालल्यावर जातील." असं म्हणताना माझी जीभ झडली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली ती पाय आपटत. पाऊल पुढून उचलतच नव्हतं. बोटं जमिनीवर घासायची, चप्पल राहून राहून निसटायची. चिंधीने तिनं ती पावलाला बांधली होती. "वात आला वाटते," ती म्हणाली. कंपाउंडर म्हणाला, "कमजोरी है." रांगेतली एक म्हणाली, झोपेत पाय दबला असेल. मी सिरिंजमध्ये औषध ओढत राहिली. सगळ्यांनी आपापलं कारण दिलं, माझ्याजवळ खरं होतं तेवढं सोडून.

त्या दिवशी सुई सिस्टरने दिली. त्यांनी पडदा ओढला, मावशीला आपल्या अंगाच्या आडोशाला घेतलं, गाठ ढिली करायला लावली, आणि हात घालून वरचं हाड शोधलं. तेव्हा मी पाहिलं, हात कुठे जाते. आणि कितीतरी खाली, कालच्या माझ्या सुईचा डाग, सुजलेला. सिस्टरनेही पाहिला.

रांग संपल्यावर त्यांनी मला स्टोव्हजवळ बोलावलं.

"कहाँ लगाई थी?"

"वरच्या, बाहेरच्या भागात," मी म्हटलं. पुस्तकात होतं तसंच.

"किसके ऊपर के?"

त्यांनी स्टूल ओढला आणि बसल्या. त्याही थकलेल्या होत्या, रात्रभर बाळंतिणीजवळ बसून आलेल्या. म्हणाल्या, "जितना दिखा, उतने के चार हिस्से कर दिए तूने." मग थोडं थांबून, "चीखी थी?"

"हो."

"रुकी थी तू?"

मी रडायला लागली. त्या म्हणाल्या, "सुई गलत जगह लगती है, मुझसे भी लगी होगी. पर कोई चीखे तो रुकना पड़ता है. इतना तो जानवर का डॉक्टर भी करता है." मला वाटलं होतं, त्या शिव्या देतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डॉक्टर आले तेव्हा त्यांनी पावलाला हात लावून पाहिलं, ताकदीच्या गोळ्या लिहिल्या, मालीश सांगितली. नस दुखावली, सिस्टरला म्हणाले. तीन-चार महिन्यांत ताकद आली तर आली. नाही तर काय, ते बोलले नाहीत. मावशीला आता दीड कोस चालणं होत नव्हतं, आणि टीबीची सुई तर बंद करता येत नाही. सिस्टरने निकाल दिला, "कल से वो नहीं आएगी. तू जाएगी. और उसको बताएगी. मैं नहीं बताऊँगी, तू बताएगी."

मी त्या रात्री जेवली नाही. पण खरं सांगते, मावशीच्या पायासाठी नाही. तिच्या घरचे भांडायला येतील, वर कळवतील, आणि मला घरी पाठवतील, याची भीती होती. "वापस आली." दुसऱ्याचा पाय जाऊन राहिला होता आणि मी आपल्या ट्रेनिंगसाठी रडून राहिली होती. आज इतकी वर्षं झाली, पण हे लिहिताना कान गरम होतात.

दुसऱ्या दिवसापासून पत्र्याचा डबा काखेत घेऊन मी त्या गावाला जायला लागली. डब्यात सिरिंज, सुया, शिशी. कापसाच्या पऱ्हाटीतून पायवाट, वर ऊन. तिच्या घरी मावशी आणि तिची सून. मुलगा लोधीखेड्याकडे कामाला जायचा, संध्याकाळी यायचा. मी चुलीवर पाणी ठेवायची, सगळं उकळायची. सून दरवाजा लोटून बाहेर जायची, मावशी गाठ सोडायची, मी हाड शोधायची. एकदा शोधायची, पुन्हा शोधायची, पुन्हा एकदा. मावशी म्हणायची, "काय हरवलं वं तिथं?"

पहिल्या दिवशी मी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. रोज वाटेत शब्द जुळवायची आणि तिच्या दारात ते विसरायची. तिसऱ्या दिवशी मी डबा बंद करत होती, तेव्हा ती पावलाला तेल चोळता चोळता म्हणाली, "बाई, आता सीतादई येइन."

सीतादई म्हणजे आमच्याकडे पहिल्या वेचणीची पूजा. वावराच्या कोपऱ्यात दहीभात शिंपडतात, मग बाया कंबरेला ओटी बांधून पातीशी लागतात. पात म्हणजे एकेकीची वेचायची ओळ.

"दरसाल पयली पात माहीच असते," ती म्हणाली. "तवर पाय होइन ना नीट? डाक्टर माह्याशी बोलत नाही, तू त सांग."

ती माझ्या तोंडाकडे पाहून राहिली होती. त्या गावात दवाखान्याचं माणूस म्हणून तिच्यासमोर मीच होती, आणि माझ्यावर तिचा विश्वास होता. मी मटकन खाली बसली आणि सांगून टाकलं. वात नाही, कमजोरी नाही. मी सुई चुकीच्या जागी मारली. पाय होईल का ते मला माहीत नाही.

तेल चोळणारा तिचा हात थांबला. बाहेरून सून आत आली, तिनं ऐकलं होतं. तिनं मला असं काही सुनावलं की पऱ्हाटीतल्या बायाही ऐकायला थांबल्या असतील. "माह्या सासूचा पाय मोडून आमच्याच चुलीवर पानी तापवते! उठ! उद्यापासून पाय ठेवशील त पाहा!"

मावशी तिला म्हणाली, "मंग सुई कोन देइन? तू देते का?" मग मावशी माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढलेला नव्हता.

"जागा चुकली, समजलं. तू पोट्टी हायेस, शिकून राहिलीस. पन म्या ओरडली ना वं? काढ काढ म्हनलं ना? तुले आयकू नाही आलं?"

"आलं," मी म्हटलं.

"मंग?"

कंपाउंडर पाहत होता म्हणून, रांगेतल्या बाया पाहत होत्या म्हणून, हे त्या बाईला सांगायचं कसं? मग तिनं तेलाची वाटी बाजूला सारली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मी डबा उचलून निघाली.

घरच्यांनी कोणाला कळवलं नाही. मी रोज वाट पाहायची की आज चिठ्ठी येईल, आज बोलावणं येईल. आलं नाही. मावशीनेच मुलाला थांबवलं, असं सून एकदा बोलून गेली. का थांबवलं, ते तिनं सांगितलं नाही आणि विचारायचं तोंड मला नव्हतं. माझं ट्रेनिंग वाचलं, आणि ते तिनं वाचवलं.

मग नुसतं चालणं. जाणं, पाणी उकळणं, गाठ, हाड, सुई, येणं. मावशी आता माझ्याशी बोलायची नाही. बोळ्यावरून थट्टा नाही, काही नाही. सांगेन तेव्हा वळायची, झालं की गाठ मारायची. उन्हात परत येताना मला वाटायचं, कुठेतरी बांधावर बसावं आणि उठूच नये. पण चार वाजता पुन्हा स्टोव्ह, पुन्हा दगडावर सुया. त्या दीड महिन्यात मी झोपली केव्हा आणि जेवली काय, मला आठवत नाही. हात मात्र शिकत गेला. हाताला लाज नसते, तो शिकून घेते.

सीतादई झाली. पहिली पात सुनेने धरली. मी त्या दिवशी वावरावरूनच गेली. मावशी बांधावर बसली होती, बाया वेचून आणत त्या कापसातला काडीकचरा काढत. पाऊल तसंच पडलेलं. खोकला मात्र गेला होता, गालावर थोडं मांस आलं होतं. टीबी हटत होता आणि पाय तिथेच होता. पुढे एक-दोनदा ती काठी घेऊन पातीला लागलीही, पण बाकीच्या बाया पात संपवून परत फिरायच्या तेव्हा ही अर्ध्यातच असायची. मग ती जाणंच बंद झाली.

शेवटची सुई होती तो दिवस. सून वेचणीला गेलेली, घरात आम्ही दोघीच. मी दार लोटलं, मावशीने गाठ सोडली. मी हाड शोधलं, सुई दिली, हळूहळू औषध सोडलं, सुई काढली, बोळा दाबून धरला. ती तशीच भिंतीकडे तोंड करून उभी.

"दे ना लवकर," ती म्हणाली.

"झाली मावशी."

तिनं वळून पाहिलं. माझ्या हातातली रिकामी सिरिंज पाहिली. किती दिवसांनी तिनं माझ्याकडे नीट पाहिलं होतं!

"झाली? मले त समजलंच नाही वं," ती म्हणाली. "काहीच नाही झालं." मग गाठ मारता मारता, खाली पाहूनच, "त्या दिवशी बी अशीच देल्ली असती त..."

गाठ मारून झाली, आणि खाली बसायला तिनं माझा खांदा धरला.